विश्वास देवाचं दान, मग कमी पडला तो कोणाकडून?

पत्र

आदरणीय बंधू, ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

गेल्या वर्षी माझे पती गेले. अकरा महिने आजारपण चाललं. त्या अकरा महिन्यांत मी जेवढी प्रार्थना केली, तेवढी आधीच्या वीस वर्षांत केली नसेल. दफनानंतर तिसऱ्या दिवशी आमच्या प्रार्थना-गटातल्या एक बाई भेटायला आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कुठेतरी विश्वास कमी पडला गं." त्या मनाने वाईट नाहीत. पण ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं अजून तिथेच आहे.

मग एकदा इफिसकरांस पत्रातलं ते वचन पुन्हा वाचलं. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण. आणि हे आपल्या हातून झालेलं नाही, हे देवाचं दान आहे. दिलासा मिळायच्या ऐवजी मला रागच आला. विश्वास जर देवच देतो, तर कमी पडला तो कोणाकडून? माझ्याकडून, की देणाऱ्याकडून?

हल्ली उपासनेला जाते ती शेवटच्या बाकावर बसते. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची सामुदायिक कबुली, सुरू झाला की "मी विश्वास ठेवते" या शब्दांना ओठ मिटून घेते. खोटं बोलवत नाही. आणि पुढच्या महिन्यात संडे स्कूलच्या मुलांना मला इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय शिकवायचा आहे. विश्वासवीरांचा! हे काम सोडून देऊ का?

— एक बहीण

उत्तर

ताई, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो. पहिलं पान फाडून टाकलं. त्यात मी फार शहाणा वाटत होतो.

आधी तो काटा. त्या बाईंसारखं मीही एकदा बोललो आहे, म्हणून त्यांच्यावर चिडायचा हक्क मला नाही. नवा नवा पाळक होतो. मंडळीतल्या एका आईचा मुलगा रुग्णालयात होता. मी खाटेशी उभा राहून प्रार्थना केली आणि निघताना तिला म्हणालो, "ताई, विश्वास ढळू देऊ नका, तो नक्की बरा होईल." मुलगा गेला. बऱ्याच वर्षांनी ती मला भेटली, तेव्हा अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही तसं बोलून गेलात आणि त्या रात्रीपासून मी माझा विश्वासच तपासत बसले. पुरेसा आहे का, मध्येच शंका तर आली नाही ना. त्याचा हात धरून बसायचं सोडून मी तेच करत राहिले." मला काही बोलता आलं नाही. आजही सुचत नाही. मी तिला धीर देतोय असं मला वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात तिच्या हातात तराजू देऊन आलो होतो.

तुमच्याही हातात कोणीतरी तो दिला आहे. तो आधी खाली ठेवू या. त्यासाठी शुभवर्तमानातच पाहू.

नाईन गावाच्या वेशीपाशी एक अंत्ययात्रा चालली आहे. विधवा आई, एकुलता एक मुलगा. येशू तिला विचारतो का, "तुझा विश्वास किती?" ती तर त्याला काही मागतही नाही. लूक एवढंच लिहितो की तिला पाहून प्रभूला तिचा कळवळा आला. यरुशलेमच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून राहिलेला माणूस बरा झाला, तेव्हा आपल्याला कोणी बरं केलं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आता उलट बाजू. पौलाच्या विश्वासाबद्दल कोणाला शंका आहे? तोच पौल आपल्या एका सोबत्याबद्दल तीमथ्याला लिहितो, "त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो." एका ओळीत. स्पष्टीकरण नाही, त्रफिमाला दोष नाही, स्वतःलाही नाही. उपदेशांत या ओळीवर फारसं कोणी थांबत नाही. मी तिचा फार ऋणी आहे.

त्या बाई कदाचित नासरेथचा दाखला देतील, की लोकांच्या अविश्वासामुळे येशूने तिथे फारशी अद्भुत कृत्यं केली नाहीत. खरं आहे, तसं लिहिलं आहे. पण ती माणसं कोण होती? "हा तर सुताराचा मुलगा" म्हणून नाक मुरडणारी. अकरा महिने त्याचे पाय धरून बसलेली नव्हेत. तुम्हाला त्या रांगेत उभं करणं हा शास्त्राचा सरळसरळ गैरवापर आहे, आणि इथे मी सौम्य शब्द वापरणार नाही.

आणखी एक घोळ आहे, तो निस्तरायला हवा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल कृपादानांची यादी देतो. एकाला ज्ञानाचं वचन, एकाला विश्वास, एकाला रोग बरे करण्याची दानं. इथला विश्वास म्हणजे ख्रिस्ताला धरून राहण्याचा, सगळ्या विश्वासणाऱ्यांचा विश्वास नव्हे. हे एखाद्या प्रसंगी, मंडळीच्या उपयोगासाठी, कोणाकोणाला मिळणारं वेगळं दान आहे. पुढच्याच अध्यायात पौल ज्याला डोंगर ढळवणारा विश्वास म्हणतो, तसलं. ते सर्वांना मिळत नाही, हेच तर तो तिथे सांगतो आहे. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो. तेव्हा ते दान तुमच्यापाशी नव्हतं म्हणून तुम्हाला बोल लावणं म्हणजे तुम्हाला अन्य भाषा बोलता येत नाहीत म्हणून बोल लावण्यासारखं. शिवाय पौल लगेच म्हणतो की डोंगर ढळवता आले, पण प्रीती नसली, तर मी काहीच नाही. दफनानंतर तिसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दाराबाहेर एकदा मनात म्हणावं.

आता तुमचा राग. तुमच्या पत्रातला तोच भाग मला सर्वांत खरा वाटला.

इफिसकरांस पत्रातल्या त्या वचनात "हे देवाचे दान" यातलं "हे" नेमकं कशाकडे बोट दाखवतं, यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. मूळ ग्रीकमध्ये "विश्वास" स्त्रीलिंगी आहे, "कृपा"ही स्त्रीलिंगी, आणि "हे" मात्र नपुंसकलिंगी. म्हणून बरेच जण म्हणतात, आणि मलाही पटतं, की "हे" म्हणजे सुटा विश्वास नव्हे. कृपेने विश्वासाच्या द्वारे झालेलं अख्खं तारणच दान आहे. विश्वास त्या दानाच्या आतच आला, बाहेर राहिला नाही. फिलिप्पैकरांस पत्रात पौल अधिक थेट बोलतो: ख्रिस्तावर विश्वास ठेवणं हे तुम्हाला कृपेने दिलं आहे, आणि त्याच्यासाठी दुःख सोसणंही. (हे दुःख म्हणजे ख्रिस्ताच्या नावाखातर झालेला छळ. तुमच्या पतीच्या आजारावर हे वचन चिकटवायला मी तयार नाही. कोणी चिकटवलं तर काढून टाका.)

म्हणजे तुमचा प्रश्न चुकीच्या वाचनातून आलेला नाही. विश्वास खरोखरच दान आहे. मग?

प्राचीन मंडळीचा थोर धर्मशिक्षक ऑगस्टीनही इथे अडखळला होता. तरुणपणी रोमकरांस पत्रावर लिहिताना तो मानत होता की बाकी सगळं देव देतो, पण विश्वास ठेवण्याचं तेवढं आपलं. पुढे ३९६-९७ च्या सुमारास, मिलानच्या सिम्प्लिशियनच्या प्रश्नांना उत्तरं लिहिताना, त्याचं मत पालटलं. आणि म्हातारपणी त्याने उघड लिहिलं की आधी माझं चुकलं होतं. त्याला वळवलं ते पौलाच्या एका प्रश्नाने: "जे तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे? आणि मिळालेले आहे, तर मिळाले नसल्यासारखा अभिमान का बाळगतोस?"

हा प्रश्न कोणाला उद्देशून आहे पाहा. करिंथच्या मंडळीत जे फुगले होते, मी अमक्याचा, मी तमक्याचा म्हणत एकमेकांना कमी लेखत होते, त्यांना. "विश्वास हे दान आहे" हे सांगायचं ते ज्याला आपल्या विश्वासाचा तोरा आहे त्याला. ज्याचं घर रिकामं झालं आहे, त्याला त्याचं माप कमी भरलं असं सांगायला पौलाने हे लिहिलेलं नाही. तुमच्या हातात ते वचन उलट्या बाजूने आलं आहे, ताई. ते सरळ धरलं तर पहिल्यांदा त्या बाईंचंच वाक्य मोडतं. कारण विश्वास जर दान असेल, तर तो मोबदला असू शकत नाही. अमुक इतका विश्वास दिला की अमुक इतकं आरोग्य मिळतं, हा व्यवहार तिथल्या तिथे बंद पडतो. ज्याने तुम्हाला दिलं, त्यालाच तुम्ही ते किंमत म्हणून कसं मोजणार? तुमचे पती गेले ते तुम्ही कमी मोजलं म्हणून नव्हे. तिथे मोजणी नव्हतीच.

मग ते का गेले? मला ठाऊक नाही. एकाचा त्रफिम मिलेतात का राहतो आणि दुसरा उठून चालू का लागतो, हे मला इतक्या वर्षांत उलगडलेलं नाही. ज्यांना उलगडलं आहे असं वाटतं, त्यांच्यापासून शोकाच्या दिवसांत चार हात लांब राहावं, असं माझं मत आहे.

"पण मला आतून काहीच जाणवत नाही, मग दान मिळालं तरी कुठे?" असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधे मला ते दिसलं. ५२९ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या ऑरेंज इथे एक छोटी धर्मपरिषद भरली होती. विश्वासाची सुरुवात माणूस करतो की देव, हाच वाद तिथे होता. परिषदेने ठरवलं की विश्वासाची वाढच नव्हे, तर त्याची सुरुवात आणि विश्वास ठेवावासा वाटणं हीसुद्धा कृपेचीच देणगी. धर्मपरिषदांचे ठराव रुक्ष असतात, पण हे कलम वाचताना मला तुम्ही शेवटच्या बाकावर दिसता. जिला काहीच मिळालेलं नाही, ती बाई वर्षभरानंतरही तिथे येऊन बसते कशाला? आणि "खोटं बोलवत नाही" हे कोणापुढे? भिंतीपुढे कोणी खरं-खोटं करत बसत नाही. तुम्ही देवावर रागावला आहात. रागावायला तो समोर असावा लागतो.

विश्वासाचा पुरावा म्हणून मी हे मांडत नाही. पुरावे शोधत बसलो की पुन्हा तराजू आलाच.

पेत्राची गोष्ट मात्र सांगतो, कारण दान या शब्दाचा अर्थ मला त्या गोष्टीत जितका कळला, तितका सिद्धांताच्या पुस्तकात कळला नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू त्याला म्हणतो, "शिमोना, शिमोना, तुम्हांला गव्हासारखे चाळावे म्हणून सैतानाने मागणी केली, परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे." यापेक्षा भक्कम प्रार्थना कोणासाठी झाली असेल? आणि त्याच रात्री काय झालं? अंगणात शेकोटी पेटली आहे. एक दासी त्या उजेडात त्याच्याकडे निरखून पाहते आणि म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. पेत्र म्हणतो, "बाई, मी त्याला ओळखत नाही." एकदा नाही, तीनदा. कोंबडा आरवतो. प्रभू वळून पेत्राकडे पाहतो. तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडतो.

आता सांगा, येशूची विनंती फुकट गेली का? त्या रात्री पेत्राला विचारलं असतं, विश्वास आहे का, तर त्याने काय उत्तर दिलं असतं? त्याच्या बाजूने पाहिलं तर सगळं संपलं होतं. पण ती विनंती पेत्राने केलेली नव्हती. दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात नव्हतंच. त्याच्या वाट्याला त्या रात्री आलं ते फक्त रडणं आणि परत येणं. येशूनेही तेवढंच धरलं होतं. "तू वळलास म्हणजे" असं तो म्हणाला होता, "तू पडला नाहीस तर" असं नाही.

विश्वास देवाचं दान आहे, याचा मला कळलेला अर्थ हा. आपल्या मुठीतून सुटलं तरी ते पडत नाही, कारण ते मुळात आपल्या मुठीच्या जोरावर नव्हतंच.

याचा अर्थ हात बांधून बसायचं असा कोणी काढेल. तुम्ही काढणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. विश्वास ऐकण्याने होतो, असं पौल लिहितो. दान आकाशातून कुठेही पडत नाही, त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत: वचन, प्रभुभोजन, माणसं. त्या वाटेवर बसून राहणं आपल्याकडे. तुम्ही बसलाच आहात. रोज एखादं स्तोत्र वाचा, जमलं तर मोठ्याने. अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. काही जाणवलं नाही तर नाही. पुस्तक मिटून कामाला लागा.

मतांगीकाराचं. तुम्ही ओठ मिटता हा दोष नाही. पण एक गोष्ट ऐकून ठेवा. ३२५ साली निकैयाच्या परिषदेने मतांगीकार लिहिला, तेव्हा त्याची सुरुवात "मी" अशी नव्हती, "आम्ही विश्वास ठेवतो" अशी होती. "मी" येतं ते बाप्तिस्म्याच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरातून, आणि तेही खरंच आहे. पण त्या "आम्ही"त ज्याचा आवाज आज फुटत नाही, त्यालाही जागा आहे. कफर्णहूमात चौघांनी आपल्या पक्षाघाती मित्राला छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा मार्क लिहितो की येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या तोंडी त्या सगळ्या गोष्टीत एकही शब्द नाही. तेव्हा रविवारी ओठ मिटायचे असतील तर मिटा, पण उठून जाऊ नका. पुढच्या बाकांवरचे लोक ते शब्द म्हणताहेत, ते तुमच्या वतीनेही म्हणताहेत. त्यांना ठाऊक नसलं तरी.

आणि त्या बाई? एकदा बोला त्यांच्याशी. "तुमच्या त्या वाक्याचा मला फार त्रास झाला" एवढंच. वचनं फेकू नका, माझं हे उत्तर तर मुळीच दाखवू नका. त्या आईने मला सांगितलं म्हणूनच मला कळलं.

राहिला वर्ग. मार्च १७३८ मध्ये जॉन वेस्लीला, पुढे ज्याच्यापासून मेथडिस्ट चळवळ उभी राहिली त्याला, हाच प्रश्न पडला होता. दीक्षित पाळक, उत्तम वक्ता, आणि आपल्याजवळ विश्वासच नाही अशी त्याची खात्री पटलेली. त्याने आपला मित्र पीटर बोलर (मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचा) याला विचारलं, उपदेश करणं थांबवू का? बोलर म्हणाला, मुळीच नाही. मग उपदेश तरी कशाचा करू? विश्वास लाभेपर्यंत विश्वासाचाच कर. आणि लाभल्यावर, तो लाभला आहे म्हणून कर. २४ मेच्या संध्याकाळी लंडनमधल्या एका लहानशा सभेत वेस्लीच्या मनाला ऊब लाभली, ती गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १७३९ मध्ये, त्याच माणसाने आपल्या रोजनिशीत पुन्हा लिहिलं की मी ख्रिस्ती नाही. ही गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. तो उपदेश मात्र करत राहिला.

म्हणून वर्ग सोडू नका. फक्त मुलांपुढे नाटक करू नका. मुलं ते लगेच ओळखतात. सुरुवात अकराव्या अध्यायाने न करता मार्कमधल्या त्या बापापासून करा, जो ओरडून म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एका दमात दोन्ही. येशूने त्याला थांबवून आधी पहिलं वाक्य पक्कं करायला लावलं नाही. मुलगा बरा केला.

मग अकरावा अध्याय घ्या, आणि शेवटपर्यंत घ्या. बहुतेक शिक्षक यरीहोचे तट पडले की थांबतात, कारण पुढे त्रास आहे. पस्तिसावं वचन पाहा. स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं परत मिळाली, असं ते सुरू होतं. आणि त्याच वचनात, श्वास घ्यायच्या आत, इतरांनी हालहाल सोसले. एका वचनात दोन्ही तऱ्हेची माणसं शेजारी-शेजारी बसली आहेत. कोणीतरी मूल हात वर करून विचारेल, "ज्यांना परत मिळालं नाही, त्यांचा विश्वास कमी होता का, टीचर?" तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. त्यालाच एकोणचाळिसावं वचन मोठ्याने वाचायला सांगा, आणि तो वाचत असताना तुम्हीही ऐका.

तुमचा बंधू